नऊ रिकामी बोंडं

त्या दिवशी शाळेत हजर होते ते हे. आमचे गुरुजी. तालुक्याहून तपासणीले आलेले दिपोटी साहेब अन् त्यायची बॅग धरून आलेला शिपाई. गावचे पाटील, ज्यायच्या जाग्यात शाळा भरे. बावीस पोट्टे. पोट्ट्या तीन: पाटलाची सुशीला, पिंजाऱ्याची हमीदा, अन् मी यमुना, पाटलाच्या सालदाराची.

गैरहजर होत्या त्या ह्या. चंद्री, भागी, गिरजा अन् तिची लहान बहीण पार्बती, बंजाऱ्याच्या तांड्यावरची सोनकी, कोलामाच्या पोडावरची भीमी, रुखमी, शांती, तुळसी. नऊ जणी. ह्यायची नावं हजेरीच्या वहीत कधी चढलीच नाही, म्हणून ह्यायले गैरहजर बी कोणी म्हटलं नाही. मी म्हणते. आज हजेरी मी घेऊन राह्यली.

यंदा घरामागच्या वावरात कापूस फुटला अन् घरात नातीची सहामाही आली. तनू धाकट्या पोराची, चौथीत आहे. ओसरीत इकडून तिकडे फिरत पाठ करून राह्यली, "ग्रामपंचायत गावाला सोयी पुरवते. ग्रामपंचायत गावाला सोयी पुरवते." मी लसूण सोलत बसली होती. म्हटलं, "तनू, सोय म्हणजे काय वो?"

"आजी, ते पेपरात नाही येत."

"मंग ग्रामपंचायत कुठं आहे आपली?"

"ते बी नाही येत."

माझ्या डोक्यात जाळ झाला. पोरीवर नाही. पोरगी तर आगगाडीवानी वाचते, मी आता बोट ठेवून वाचते. जाळ झाला तो जुना आहे. सत्तर वर्षं झाली, राखेखाली धगधगून राह्यला. दरसाल कापूस फुटला की त्याले वारा लागते.

आमची शाळा म्हणजे पाटलाचा कापसाचा कोठा. दगडी भिंती, वर टीन, एक दरवाजा अन् हात जाईल एवढा झरोका. आखाडात शाळा सुरू होये तवा कोठा रिकामा राहे, पोट्टे भिंतीपासून भिंतीलोक बसत. दिवाळी आली की वेचणी लागे. बाया वावरात दहीभात शिंपडून सीतादही करत अन् पहिला कापूस त्याच सांजी कोठ्यात येऊन पडे. मंग रोज पडे. आज फळ्याजवळ, उद्या गुरुजीच्या खुर्चीजवळ. कापूस पुढं सरके अन् आम्ही मागं सरकत जाओ. अन् जागा कमी पडली असं कधी झालं नाही, कारण जसजसा कापूस वाढे तसतसे पोट्टे कमी होत. ज्याले हात फुटले तो वेचणीले. पोट्ट्यायच्या अगुदर पोट्ट्या.

कापसाचा वास ज्याले माहीत नाही त्याले काय सांगू. गरम, तेलकट, जराशी धूळ लागेल. सकाळी दवात वेचला असला तर ढिगात हात घातल्यावर आतून ऊब लागे, कोंबडी उठल्यावर खुराड्यात राहते तशी. आम्ही थंडीत पाय त्यात खुपसून बसत होतो. गुरुजी म्हणत, "पाय काढा बे, पाटील येतीन." पाटील येत नसत. पण गुरुजी दरवाजाकडे पाहत. ते पाहणं मी तवाच ध्यानात ठेवाले पाहिजे होतं.

त्याच साली आमचं राज्य बदललं. भिंतीवर मध्य प्रदेशाचा नकाशा होता, त्याच्यात नागपूरले मोठा गोल. दिवाळीच्या दिवसात गुरुजी म्हणे, "आता आपण मुंबई राज्यात आहो." बाळ्या नावाचा एक पोट्टा होता, ढोरं चारणाऱ्या ढोरकी घराचा, त्यानं दाराबाहेर जाऊन पाह्यलं. म्हणे, "गुरुजी, गाव तं तिथंच आहे." सारे हासले. गुरुजी बी हासले. पण त्यायले काहीतरी लागलं असंन मनाले. दुसऱ्या दिवशी त्यायनं आमचं समाजशास्त्राचं पुस्तक उघडलं, 'आपले गाव' हा धडा काढला अन् म्हणे, "आता हा धडा पाठ नाही करायचा. हा शोधायचा."

त्यायची रीत अशी होती. धड्यातली एकेक ओळ कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून काढत अन् प्रत्येकाले एक देत. ज्याची ओळ त्यानं गावात शोधाची. सापडली की तिची काहीतरी निशाणी आणाची. रिकाम्या हातानं याचं नाही.

बाप्पा, काय मजा होती ते दिवस! 'रस्त्यावर दिवे लावलेले असतात' ही ओळ ज्याले भेटली तो कंदिलाची फुटकी काच घेऊन आला. म्हणे, दिवा मेला, हे त्याचं हाड. हमीदाले आली 'पिण्याच्या पाण्याची सोय असते'. तिनं दोराचा तुकडा आणला अन् सांगतलं, "तीन विहिरी हैं गुरुजी. पर हर एक पे अलग अलग लोग चिल्लाते." बाळ्याले आली 'न्यायपंचायत गावातील भांडणे मिटवते'. तो घंटाभर गायब. आला तवा अंगावर धूळ. म्हणे, "भांडण सापडलं गुरुजी. सखूकाकू अन् तिची जाऊ, आंगणातच हाय. मिटवणारा नाही सापडला. मी गेलो मिटवाले तं दोघीयनं मलेच धरून बदडलं."

गुरुजी हासून हासून खाली बसले. मंग डोळे पुसून म्हणे, "आता सांग, न्यायपंचायत म्हणजे काय?"

"मी गेलो त्याच्या ऐवजी जे जाले पाहिजे होते ते," बाळ्या म्हणे.

त्याच्याआधी मी तीन वर्षं वाचत होती, पण ते वाचणं म्हणजे जात्यात दाणे न टाकता जातं फिरवणं. आवाज होये, पीठ नाही. त्या चिठोऱ्यायनं मले समजलं की ओळ कशाची तरी राहते. तिच्यामागं विहीर राहते, माणूस राहते, नाही तर काहीच राहत नाही, अन् काहीच नसलं तं ते बी वाचता येते. एवढी गोष्ट समजाले लोकायचा जन्म जाते. मले दहाव्या वर्षी समजली. अन् त्याचीच मले शिक्षा झाली.

मी हुशार होती. हे आता लाजून सांगत नाही. गुरुजीनं माझ्या बापाले बोलवून सांगतलं होतं, "पौषात दिपोटी साहेब येतीन. तालुक्याले पोरींचं वसतिगृह आहे, तिथं आपल्या शाळेतून एक पोरगी घेतीन. जी वाचून अर्थ सांगंन तिले साहेब चिठ्ठी देतीन. सातवी झाली तं पोरगी मास्तरीण होईल."

माझा बाप सालदार. सालभर पाटलाच्याच घरी राबणारा गडी. त्यानं टोपी काढून हातात धरली अन् म्हणे, "चिठ्ठी भेटली तं जाईल. नाही भेटली तं वेचणीले. मले दोन हात कमी पडून राह्यले गुरुजी." माय माझी मागच्या साली बाळंतपणात गेलती.

म्हणजे एक चिठ्ठी. इकडं मास्तरीण, तिकडं वेचणी. मधात काही नव्हतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी गुरुजीनं आम्हा तिघींले नव्या ओळी देल्या. माझ्या चिठोऱ्यावर लिहेल होतं, 'गावातील प्रत्येक मुलास व मुलीस शाळेत येण्याचा हक्क आहे.' मी इचारलं, "गुरुजी, हक्क म्हणजे?"

गुरुजी म्हणे, "जे कोणाच्या मेहेरबानीनं भेटत नाही ते. आपलंच राहते ते."

मी पहिले शाळेतच शोधलं. पोट्ट्या तीन. मंग बाकीच्या कुठं आहे? शोधाले गेली पाटलाच्या ओढ्याकाठच्या वावरात.

दव उतरत होतं. कापसाची पऱ्हाटी कमरेच्या वर. पोट्ट्या त्याच्यात बुडेल, नुसत्या ओढण्या दिसत. कमरेले कापसाची ओटी बांधेल, दोन्ही हात चालू. बोंडाची टोकं वाळली की सुईवानी होतात, बोटाच्या पेरावर, नखाच्या मुळात टोचतात. त्यायच्या बोटायले चिंध्या बांधेल होत्या.

"आली वो आली, मास्तरीण आली!" चंद्री ओरडली. "काय पाहून राह्यली? दोन तास धर अन् लाग कामाले." तास म्हणजे पऱ्हाटीची ओळ.

मी चिठोरा काढून त्यायले वाचून दाखवला. चंद्रीनं इचारलं, "त्याच्यात माह्यं नाव हाय का?"

"नाव नाही. प्रत्येक लिहेल आहे."

"प्रत्येक कोनाची पोरगी वो? पाटलाचीच असंन!"

साऱ्या खिदळल्या. भागी तेवढी हासली नाही. भागी माझ्याच वयाची, दोन महिने शाळेत येऊन गेलती, तिले 'ग'पर्यंत येत होतं. म्हणे, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. म्हणे, "मंग आमाले कोनी सांगतलं काहून नाही?"

मी म्हटलं, "मले निशाणी पाहिजे. साहेबाले दाखवाची आहे. तुमचं काही द्या."

"आमचं काय हाय इथं?" भागी म्हणे. मंग तिनं झाडावरचं एक रिकामं बोंड तोडलं, कापूस वेचून झालेलं. माझ्या हातावर ठेवलं. "हे घे. हे आमचं. कापूस पाटलाचा."

मंग एकेकीनं देलं. पार्बती सहा वर्षांची, तिचा हात झाडाच्या शेंड्यालोक पुरेना, तिनं खालचं बारकं तोडलं. नऊ बोंडं. मी परकराच्या ओच्यात बांधून आणली. रस्ताभर मांडीले टोचत होती.

दुसऱ्या दिवशी कोठा झाडला. कापसाच्या ढिगावर सतरंजी टाकली. साहेबाले खुर्ची-टेबल, पाटलाले बाज. दिपोटी साहेब चांगले माणूस दिसत होते, गोरे, चष्मा. राज्य नवं, म्हणून त्यायचं बी काही बदलणार होतं म्हणत, सारखं शिपायाले कागद मागत.

आधी पोट्ट्यायचं झालं. मंग हमीदा. तिनं वाचलं, पण अर्थ सांगताना हिंदीत गेली, साहेबानं हात केला, बस. मंग सुशीला. तिची ओळ होती, 'गावात दवाखान्याची सोय असते.' तिनं घडाघडा म्हटली.

साहेब म्हणे, "छान. कुठे असते ही सोय?"

"पान बावीसवर," सुशीला म्हणे.

पाटील हासले. साहेब बी हासले. "पाठांतर उत्तम आहे." आमच्या गावात दवाखाना नव्हता. माझी माय बैलगाडीत मेली, दवाखान्याच्या रस्त्यावर. मी तिथंच बसली होती. मले हासू नाही आलं.

मंग मी. बोट न ठेवता वाचलं. 'गावातील प्रत्येक मुलास व मुलीस शाळेत येण्याचा हक्क आहे.' साहेब म्हणे, "स्पष्ट वाचलंस. आता अर्थ सांग, बाळ."

मी ओचा सोडला. टेबलावर नऊ बोंडं एका रांगेत ठेवली. म्हटलं, "साहेब, ही चंद्री. ही भागी. ही गिरजा, ही तिची बहीण पार्बती..." साऱ्यायची नावं सांगतली. "ह्या पाटलाच्या वावरात आहे. ह्यायचा हक्क आहे, पण ह्यायले कोणी सांगतलं नाही. म्हणून साहेब, ही ओळ आपल्या गावात अजून खरी झाली नाही."

टिनावर कावळा चाले त्याचा आवाज ऐकू ये.

पाटील म्हणे, मोठ्यानं नाही, मजाकीतच म्हणे, "सालदाराची पोरगी आहे साहेब. वावरातला कचरा घेऊन आली."

साहेबानं पाटलाकडे नाही पाह्यलं, माझ्याकडे नाही पाह्यलं. गुरुजीकडे पाह्यलं. अन् गुरुजीनं दरवाजाकडे पाह्यलं, जसे नेहमी पाहत. मंग म्हणे, "वाचते चांगलं साहेब. अर्थ नाही समजला तिले."

ध्यानात ठेवा हे. अर्थ नाही समजला तिले. ज्यानं मले अर्थ शिकवला तो म्हणे. साहेबानं पेन्सिल उचलली. ते उलटं मले तवाच वाचता आलं टेबलाच्या ह्या बाजूनं, 'वाचता येते. अर्थबोध नाही.' मंग त्याच पेन्सिलीनं त्यायनं माझी बोंडं टेबलावरून खाली सारली. कागद ठेवाले जागा पाहिजे होती. चिठ्ठी सुशीलाले भेटली.

सुशीलावर माझा राग नाही. ती बारा वर्षांची, तिले जसं सांगतलं तसं तिनं म्हटलं. अन् वसतिगृहात ती चार महिने बी राह्यली नाही, रडून घरी आली. माझा राग जागेवर आहे, जी रिकामी राह्यली अन् तरी मले भेटली नाही.

चूक माझीच झाली म्हणत सारे. बाप म्हणे, "पाटलासमोर कायले बोलली? म्हटलं असतं, हो साहेब, हक्क आहे साहेब. एवढं म्हणाले काय जात होतं तुह्यं?" खरंच, एवढंच म्हणाचं होतं. हमीदाची माय म्हणे, भोळी पोरगी. मी भोळी नव्हती. गुरुजीनं शोधाले लावलं, मले वाटलं खरंच शोधाले लावलं. ओळ सापडली तर निशाणी आणाची, हे त्यायनं सांगतलं होतं. नाही सापडली तर काय कराचं, हे त्यायनं सांगतलं नव्हतं. मी न सापडल्याची निशाणी आणली.

दुसऱ्या दिवशी बापानं मले हात धरून वावरात नेलं. भागीनं वर पाह्यलं. चंद्री म्हणे, "काय वो मास्तरीण, दहावं बोंड झाली?" पण तिचा आवाज रोजच्यासारखा नव्हता. भागीनं आपल्या डोक्याची चिंधी फाडून माझ्या बोटायले बांधली, तिच्या बाजूचा तास देला. सांजी मी जो कापूस वेचला तो त्याच कोठ्यात जाऊन पडला. शाळा आणखी हातभर मागं सरकली.

होळीच्या आत गुरुजीची बदली झाली.

मंग दिवस गेले तसे गेले. तीन सालानं मे महिन्यात महाराष्ट्र झाला, चावडीसमोर साखर वाटली, मी डोक्यावर दोन घागरी घेऊन उभी होती, लग्न होऊन एक महिना झालता. माझ्या सासरच्या गावातली कोणी म्हणे, आता आपलं राज्य. मले बाळ्या आठवला. मी मागं वळून पाह्यलं. गाव तिथंच होतं.

वाचणं सुटलं नाही. पुड्याचा कागद, एस.टी.ची पाटी, खताचं पोतं. दुकानावर 'रास्त भाव' लिहेल दिसलं की आत जाऊन भाव इचारून याची सवय लागली. नवरा म्हणे, "तुले काय घ्याचं आहे?" "काही नाही. पाटी खरी आहे का पाहून राह्यली." तो कपाळाले हात लावे. चार लेकरं झाली, दोन राह्यली. वेचणी चालूच होती.

लग्नाले पाच-सात वर्षं झाली असतीन, केळापूरच्या जत्रेत गुरुजी भेटले. मी ओळखलं नाही, त्यायनं ओळखलं. केस पांढरे, हातात पिशवी. माझ्या कडेवर पोरगा. म्हणे, "यमुना ना तू? वाचते का अजून?"

"वाचते."

त्यायनं इकडं तिकडं पाह्यलं. ढोल वाजून राह्यले होते, कोणी ऐकत नव्हतं. हळूच म्हणे, "तुझं त्या दिवशी बरोबर होतं."

दहा वर्षं मी ह्याच एका वाक्याची वाट पाहत होती अन् ते आलं कुठं, तर ढोलाच्या आवाजात. मी म्हटलं, "गुरुजी, हे तिथं म्हणाचं होतं. इथं कायले म्हणता?"

ते म्हणे, "माझी नोकरी होती बाई. लेकरं होती."

"ती नऊ बी लेकरंच होती," मी म्हटलं, अन् पोराले घेऊन पुढं गेली. दोन पावलं गेल्यावर वाटलं वळावं, पाय पडावं, कारण मले वाचता आलं ते ह्याच माणसानं. नाही वळली. अजून बी कधी वाटते वळाले पाहिजे होतं, कधी वाटते बरं केलं. दोन्ही एकाच येळी वाटते. भागी त्याच्या मागच्या साली साप चावून गेलती, वेचणीतच. 'ग'च्या पुढं काही शिकली नाही.

तर परवा तनू पाठ करून राह्यली होती. मी लसूण बाजूले ठेवला. तिच्या वहीचं पान फाडलं अन् तिच्या पुस्तकातली ओळ काढून देली, 'ग्रामपंचायत गावाला सोयी पुरवते.' म्हटलं, "जाय. गावात शोध. रिकाम्या हातानं येजो नको."

पोरगी गेली बापाचा मोबाईल घेऊन. अर्ध्या घंट्यानं आली पळत, तोंड लाल. "आजी, ग्रामपंचायतीले कुलूप होतं! मी फोटो काढला. अन् नळाजवळ तीन बाया होत्या, त्या म्हणे पाणी चार दिवसांनी येते. मंग सोय चार दिवसांनी एकदाच असते का?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सत्तर वर्षांत मले कोणी असं उत्तर देलं नव्हतं.

सून चुलीपाशीच होती. तिनं ऐकलं अन् तिचं डोकं फिरलं. "आई, तुमी पोरीचे मार्क घालवता! तनू, पुस्तकात आहे तेच लिहिजो. कुलूपबिलूप काही नाही लिहाचं, समजलं?"

सुनेची चूक नाही. तिले बी तिच्या मायनं असंच सांगतलं असंन. तनूनं तिच्याकडे पाह्यलं, मंग माझ्याकडे पाह्यलं. मंग दरवाजाकडे पाह्यलं. ते पाहणं मी ओळखते.

मी म्हटलं, "तनू, तुले जे दिसलं ते लिही. पुस्तकातली ओळ पहिले लिही, अन् तिच्याखाली तुह्यी ओळ लिही. मार्क गेले तर माह्ये गेले."

सोमवारी पेपर झाला. तिनं काय लिहिलं ते मी इचारलं नाही. तिनं बी सांगतलं नाही, नुसती हासली.

हे वाचणारे तुम्ही कोण आहा मले माहीत नाही. मास्तर असाल, मास्तरीण असाल, पेपर तपासणारे असाल. चौथीतल्या एका पोरीच्या पेपरात तुम्हाले 'ग्रामपंचायतीला कुलूप होते' अशी ओळ दिसली, तर दरवाजाकडे पाहू नका. दोनदा वाचा. अन् तिच्या पेपरावर 'अर्थ समजला नाही' असं लिहू नका. एवढंच मागते.